विहीणबाईंच्या साडीवर चाळीस टक्के

माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना त्यांच्या मानाच्या साडीची खरी किंमत मी स्वतः, लेखी आणि शुद्ध मराठीत कळवली. लग्न पुढच्या महिन्यात होतं.

ही बातमी फुटली कशी, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. ती फुटली नाही. मीच लावली.

पार्श्वभूमी सांगणं आवश्यक आहे. ज्या दैनिकात मी उपसंपादक म्हणून उमेदीची वर्षं घालवली, त्याने आपलं बीडचं कार्यालय बंद केलं. जाहिराती मोबाईलवर गेल्या, असं कारण सांगण्यात आलं. आम्हा सगळ्यांना एकेक शाल आणि एकेक नारळ मिळाला. (शाली जुन्याच होत्या. वर्धापनदिनाला जे प्रमुख पाहुणे आले नाहीत, त्यांच्यासाठी आणलेल्या.) घरी बसलेल्या माणसाला सल्ला द्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही, पण सल्ला देण्यासाठी एस.टी.ने केजहून बीडला येणारा एकच निघाला. माझा मेहुणा बालाजी. त्याचं केजला मोबाईलचं दुकान आहे.

"दाजी, जाहिराती मोबाईलवर गेल्या ना? मंग आपुनबी मोबाईलवर जाऊ! लई सोपं हाय."

"जाऊन करायचं काय?"

"कूपन! दुकानदार सूट देणार, गिऱ्हाईक फोनवर कूपन दाखवणार, आपुन मधी."

"मध्ये उभं राहून काय करायचं?"

"दुकानदाराकडून जाहिरात घ्यायची. अन ट्रॅकिंग करायचं. कुणी घेतलं, काय घेतलं, कवा घेतलं, कुटं घेतलं, समदं आपल्याला दिसणार!"

कोण, काय, केव्हा, कुठे. मला वाटलं, हा धंदा कुठला, ही तर पत्रकारिताच! (पगार नाही, म्हणजे शेवटच्या वर्षातल्यासारखीच.) मी होकार दिला आणि ॲपचं नाव ठेवलं 'सवलतवार्ता'.

पहिलं सादरीकरण आमच्या नेहमीच्या कापड दुकानात झालं. शेटजींनी गादीवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"कूपन कावून पायजे? मी तसाबी कमी करतोच की."

"पण शेटजी, सूट लेखी दिसली की गिऱ्हाईक येतं."

"किती लिवू?"

"चाळीस टक्के लिवा," बालाजी म्हणाला. मी दचकलो. शेटजी दचकले नाहीत. त्यांनी मागे वळून नोकराला हाक मारली, "अरे, समद्या साड्यांच्या चिठ्ठ्या बदल!" दोनच दिवसांत दुकानातली प्रत्येक साडी इतकी महाग झाली की चाळीस टक्के वजा करून ती बरोबर मूळ जागी येऊन बसत होती.

मी बालाजीला म्हणालो, "ही तर फसवणूक झाली."

"न्हाई दाजी. याला ऑफर म्हंत्यात."

खरेदीच्या वेळी ग्राहकाने भरायचे रकाने मी तयार केले. वस्तू कोणासाठी घेतली? त्यांचं नातं? त्यांचा मोबाईल नंबर? ज्याच्यासाठी भेट घेतली, त्यालाही मेसेज जावा, म्हणजे तोही कूपन वापरायला येईल, अशी कल्पना होती. बालाजीचं म्हणणं पडलं, नंबराचा रकाना ऐच्छिक ठेवू. मी ठाम नकार दिला. अर्धवट माहिती मी कधी पानावर जाऊ दिली नाही. रकाना भरल्याशिवाय पुढे सरकताच येणार नाही, अशी व्यवस्था मी करवून घेतली.

मेसेजचा मजकूरही माझाच. त्यावर मी अख्खी सकाळ घालवली. 'अभिनंदन! आपल्यासाठी घेतलेल्या अमुक वस्तूवर अमुक यांनी चाळीस टक्के वाचवले. मूळ किंमत इतकी, दिलेली किंमत इतकी. आपणही वाचवा!'

माझी पत्नी सुमन हिने तो वाचला. "अहो, किंमत कशाला घालायची?"

"किमतीशिवाय बातमी हवेत राहते."

"हवेतच राहू द्या की."

मी तिला समजावलं की या मजकुरात एक शब्दही कापण्यासारखा नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली. संपादकीय विभागाशी तिचे संबंध नेहमीच असे राहिले आहेत.

डॅशबोर्ड नावाची एक गोष्ट असते, तिच्यावर कूपनं किती वापरली गेली ते दिसतं. आमच्या डॅशबोर्डवर बरेच दिवस दोन नोंदी होत्या. एक बालाजीने चाचणीसाठी केलेली, आणि दुसरीही बालाजीनेच, पहिली केल्याचं विसरून.

त्याच सुमारास आमच्या अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा बीडजवळच्या पालीचा, जनावरांचा डॉक्टर. अश्विनी लहानपणापासून कशालाच चटकन पसंत म्हणत नाही, आम्हालाही म्हणत नाही. पण त्या मुलाला भेटून आली आणि म्हणाली, "हाच." त्यानंतर ती घरात गुणगुणायला लागली. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढे हे गुणगुणणं थांबलं.

मुलाचे वडील आप्पासाहेब. धरणाजवळ शेती, दोन पिढ्यांचं गावचं राजकारण, आणि जिथे जातील तिथे चार माणसं मागे. मानपानाबाबत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं, "आमाला काय नको, फक्त बायकांचं नीट बघा." मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो, हे ज्याने लग्न केलेलं आहे त्याला सांगावं लागत नाही.

याच काळात बालाजीने पुण्याचे एक गुंतवणूकदार बीडला यायला तयार केले. "पर दाजी, डॅशबोर्ड असा रिकामा दिसला तर त्यो माणूस च्याबी पिणार न्हाई. कायतरी मोठा व्यवहार दाखवाया पायजे."

मोठा व्यवहार घरातच होता. लग्नाचा बस्ता!

सुमन दुकानाच्या पायरीवर थांबली. "मानाच्या साड्या कूपनावर घ्यायच्या?"

"कोणाला कळणार आहे?" मी म्हणालो. (लोक ज्या गोष्टी कोणालाच कळणार नाहीत म्हणून करतात, त्या छापण्यात माझी सगळी नोकरी गेली होती.)

साड्या निवडण्याचं काम सुमनने केलं, रकाने भरण्याचं मी. विहीणबाई, मुलाची आत्या, काकू, मामी, करवली. प्रत्येकीचं नाव, नातं, नंबर. नंबर मी आदल्या दिवशीच निमंत्रणाच्या सबबीखाली आप्पासाहेबांकडून मागून घेतले होते. मेसेज पाठवण्याची सोय मात्र बंद होती. ती पुण्याच्या साहेबांसमोर सुरू करून दाखवायची, असं ठरलं होतं. सुरू केल्यावर ती फक्त पुढच्या खरेदीला लागू होईल, असं मी गृहीत धरलं. गृहीत धरण्याबद्दल मी वार्ताहरांना किती बोललो असेन!

सादरीकरण एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. पुण्याचे साहेब पंचविशीतले होते आणि मला 'सर' म्हणत होते, म्हणजे पैसे देणार नाहीत याची शंका मला तिथेच यायला हवी होती. मी बोललो, बालाजीने डॅशबोर्ड दाखवला. साहेब पुढे वाकले.

"एकाच दिवशी एवढी कूपनं? कोण आहे हा ग्राहक?"

"जुना गिऱ्हाईक हाय," बालाजी माझ्याकडे न बघता म्हणाला. "आता साहेब, मेसेज सुरू करून दाखवतो." त्याने बटण दाबलं. स्क्रीनवर हिरव्या खुणा भराभर उमटल्या.

"हे कोणाला गेले?" मी विचारलं.

"मागच्या समद्यांना, दाजी. एकदम!"

"मागच्या म्हणजे?"

बालाजीचा चेहरा उतरला आणि माझा फोन वाजला. आप्पासाहेब. मी कट केला. पुन्हा वाजला. मग अनोळखी नंबर. मग सुमन. मग आणखी दोन अनोळखी नंबर.

"हे मेसेजमुळे येताहेत?" साहेबांनी विचारलं.

"होय."

"इतक्या लगेच? सर, असा रिस्पॉन्स मी पुण्यातही पाहिला नाही!"

पालीहून बीडला जीपने यायला वेळच किती लागतो? साहेब बालाजीला पुढच्या योजना विचारत असतानाच हॉलचं दार उघडलं आणि आप्पासाहेब आत आले, मागे चार माणसं. (आम्ही कुठे आहोत हे सुमनने सांगितलं होतं. सत्य सांगण्याची सवय तिला माझ्यामुळे लागली.)

"हे कोण?" साहेब कुजबुजले.

"गिऱ्हाईकच म्हणा," बालाजी पुटपुटला.

"ग्राहक स्वतः चालून आला?" साहेब खुर्चीतून उठले आणि हात पुढे करून म्हणाले, "नमस्कार! तुमचा अनुभव सांगाल का?"

"सांगतो की!" आप्पासाहेबांनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "माझ्या बायकूच्या मानाच्या साडीवर या मानसानं चाळीस टक्के वाचवले. अन वर अभिनंदन करतंय! तिलाच! अन म्हंतंय, तुमीबी वाचवा!"

"आप्पासाहेब, ते मशिननं..." बालाजी मध्ये पडला.

"तू गप बे!"

संध्याकाळी आमच्या घरी बैठक बसली. त्यांच्याकडून आप्पासाहेब, विहीणबाई, आत्या, काकू, नवरा मुलगा आणि ती चार माणसं. आमच्याकडून मी, सुमन आणि दाराआड बालाजी. अश्विनी आतल्या खोलीत होती. आत जाताना ती मला एवढंच म्हणाली, "पप्पा, आयुष्यात एक मानूस पसंत केला होता. त्याचीबी तुमी बातमीच केली."

मी तथ्य मांडायचं ठरवलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. "आप्पासाहेब, खरं सांगतो. सूट मिळालेलीच नाही. शेटजींनी आधी किमती वाढवल्या, मग कमी केल्या. साडी आहे त्या किमतीलाच घेतली आहे."

मला वाटलं, जमलं.

विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजी साडी मुळातच हलकी."

सुमनने कपाळाला हात लावला. आप्पासाहेब उठले. "चला. हितं सोयरीक करायची न्हाई!" नवरा मुलगा म्हणाला, "आप्पा, बसा की जरा." आप्पासाहेब बसले नाहीत. चपला घालायला दाराकडे निघाले.

आणि नेमक्या त्याच वेळी काकूंनी आत्याचा फोन हातात घेऊन तो मेसेज वाचला.

"आक्का, तुमची पंधराशेची?"

"हां. कावून?"

"माझी बाराशेची हाय!"

"आता मी थोरली हाय म्हनल्यावर..."

"थोरली कशानं? लगीन माझं आधी झालंय या घरात! अन करवलीची किती?"

करवलीची अठराशेची निघाली. तिचा रंग चांगला दिसेल म्हणून सुमनने घेतली होती. पुढचं मी नोंदवू शकलो नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या. त्यात आमचा उल्लेख हळूहळू कमी होत गेला, मग बंदच झाला. मग कोण्या जुन्या बारशातल्या साडीचा विषय निघाला, मग शेताच्या बांधाचा. आप्पासाहेब एका पायात चप्पल घालून उभे होते. भांडण आमच्या दिवाणखान्यातून उचलून पालीला कसं न्यायचं, एवढीच त्यांची चिंता उरली होती.

"हे बगा व्याही," ते शेवटी थकून म्हणाले. पहिल्यांदाच व्याही म्हणाले! "बस्ता नव्यानं करा. दुसऱ्या दुकानात. समद्या बायकांना एकसारखी साडी, एकच रंग, एकच किंमत. अन ते कूपन बंद करा. आमच्या घरचं मानूस पुन्ना त्या दुकानाची पायरी चढणार न्हाई."

मी सगळं मान्य केलं. आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं.

पुण्याच्या साहेबांचा फोन दोन दिवसांनी आला. "सर, कल्पना दमदार आहे. फक्त संस्थापक बदलावे लागतील." मी बालाजीला सांगितलं, सवलतवार्ता बंद कर. तो हो म्हणाला. पहिल्या साड्या सुमनने पेटीत ठेवल्या. घरात येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला ती एकेक देते आणि देताना माझ्याकडे बघते.

लग्न पार पडलं. वराकडच्या साऱ्या बायका एकाच निळ्या रंगात मांडवात बसल्या होत्या, एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनासारख्या. काकू आत्यापासून दोन रांगा लांब. अश्विनी हसत होती. मग आप्पासाहेबांनी मला मांडवात बोलावलं, स्वतःच्या हाताने फेटा बांधला, पूर्ण पोशाख हातात दिला आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. झालं गेलं विसरण्याचं मोठं मन, असं काहीसं मी मनात म्हणत होतो, तोच खिशातला फोन वाजला.

'अभिनंदन! आपल्यासाठी घेतलेल्या पोशाखावर आप्पासाहेब यांनी चाळीस टक्के वाचवले. मूळ किंमत हजार रुपये, दिलेली किंमत सहाशे. आपणही वाचवा!'

बालाजीने ॲप बंद केलंच नव्हतं. आप्पासाहेब शेजारीच उभे राहून आहेर स्वीकारत होते. मी फेटा सावरत तो मजकूर दोनदा वाचला. कोण, काय, कोणासाठी, केवढ्याला. सगळं जागच्या जागी होतं. उपसंपादक म्हणून सांगतो, त्यात एक शब्दही कापण्यासारखा नव्हता!