रणात गेला, लढाईत नव्हे

हवालदार असताना माझी पोस्टिंग कच्छच्या रणात झाली. आमच्या काळेवाडीत हे वाक्य कोणाहीसमोर उच्चारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कोणत्या लढाईत?" मराठीत रण म्हणजे युद्धभूमी. तिकडे रण म्हणजे मिठाचे ओसाड मैदान. काळ शांततेचा होता आणि आमचे काम गस्तीचे होते. हा एक शब्द लोकांना नीट कळला असता, तर मला हे लिहावे लागले नसते.

लान्स नाईक दत्तू माझ्या सेक्शनमध्ये होता. चाकणच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला त्याचे गाव, घरची भातखाचरे. तो गेल्याचा निरोप गावात "दत्तू रणात गेला" असा पोचला आणि गावाने त्याला परस्पर लढाईत पाठवून दिले. मी रजेवर जाऊन त्याच्या वडिलांना खरे सांगितले. ते म्हणाले, "हवालदार, लोकं म्हनत्यात तर म्हनू द्या." बापाच्या दुःखाशी मी वाद घातला नाही. बाकी सर्वांशी घातला आणि आजही घालतो.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या माजी सैनिक मंडळाने सीमाभागाची सहल काढली. रानगाढवांचे अभयारण्य, धोळावीराचे उत्खनन, लखपतचा किल्ला आणि रोहित पक्ष्यांचे पाणथळ असा बेत होता. दत्तूची पत्नी हिराबाई वहिनी बरोबर होत्या. मी गावी गेलो तेव्हा त्या माहेरी होत्या, आणि खरे काय ते सासऱ्यांनी त्यांना सांगितले असेल असे मी धरून चाललो होतो. "आमचं मानूस जिथं ऱ्हायलं ती जमीन एकदा बघायची हाय," एवढेच त्या म्हणाल्या.

लखपत प्रत्येकाने पाहावे. तटबंदी मजबूत उभी आहे आणि आतले शहर उठून गेले आहे, कारण नदीने पाठ फिरवली. तेथे मी गाईडच्या दोन चुका दुरुस्त केल्या. मंडळाचे सेक्रेटरी मला म्हणाले, "सुभेदार, त्या बिचाऱ्यालाही थोडं बोलू द्या की राव!" मी बोलू दिले. त्याचा परिणाम पाणथळाच्या मनोऱ्यावर दिसला.

"यहाँ एक फ़ौजी फ्लेमिंगो देखने पानी में उतर गया था," गाईड सांगू लागला. "दलदल ने खा लिया. उसका हवालदार किनारे बैठा देखता रहा."

"पाखरांपायी जीव गेला, काय म्हणावं!" मागून कोणीतरी हसले. वहिनींचा हात कठड्यावर होता. त्यांनी वळून हसणाऱ्याकडे पाहिले.

"वो हवालदार मैं हूँ," मी म्हणालो आणि मंडळींकडे वळून मराठीत सांगितले. तेच येथे लिहितो.

त्या दुपारी गस्त संपवून आम्ही तिघे जीपने परतत होतो : मी, दत्तू आणि ड्रायव्हर. नैर्ऋत्येचा वारा सुटला. त्या वाऱ्याबरोबर खाडीचे पाणी सपाट मैदानावर लोटत येते. आम्ही एका उंचवट्यावर चढलो, आणि वळून पाहतो तो आलेली वाट नाहीशी झालेली. चारी बाजूंना पाणी होते. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, तीन आदमी फँसे हैं. पानी चढ़ रहा है. ओव्हर."

"बोट निकल रही है. वहीं रुको. ओव्हर."

थांबण्याइतका तो उंचवटा उंच नव्हता. जीपची चाके बुडाली. हाकेच्या अंतरावर दुसरा, मोठा उंचवटा दिसत होता आणि मधल्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता.

दत्तू म्हणाला, "साहेब, पाखरं उभी हायेत. आमच्या खाचरात बगळा उभा असला की तिथं पाय ठरतो. वाट हाय."

"दोर बांधून जा."

"व्हय. पन वढायची येळ आली तर दमानं वढा. मी म्हस न्हाई."

तो हुकमाने गेला, पक्षी पाहायला नव्हे. भातखाचराच्या चिखलाखाली कठीण जमीन असते. रणात तशी नसते. तेथला चिखल पाखराला पेलतो, माणसाला नाही. अर्ध्या वाटेवर दत्तू कमरेपर्यंत रुतला. आम्ही दोर ओढला, दमाने ओढला, मग सर्व ताकदीने ओढला. चिखल सोडेना. ड्रायव्हर बूट काढू लागला. मी म्हणालो, "कोणी उतरणार नाही."

याला गाईड बसून पाहणे म्हणतो. मी उभा होतो आणि दोराचे दुसरे टोक माझ्या कमरेला होते. तो हुकूम बरोबर होता. आज वेळ आली तर तोच देईन.

पाणी दत्तूच्या छातीला लागले, मग खांद्याला. तो ओरडला नाही. "साहेब, हिकडनं वाट न्हाई," तो म्हणाला. "दुसरीकडं बघा." हा त्याचा शेवटचा रिपोर्ट. बोट पोचली तेव्हा आम्ही दोघे जीपच्या बॉनेटवर होतो आणि दोर तसाच ताणलेला होता.

मनोऱ्यावर मी एवढे सांगितले. गाईड पुटपुटला, "साहब, मुझे तो ऐसा ही बताया गया था."

"भाऊजी, त्याला सांगा," वहिनी म्हणाल्या. "पाखरं बघाया न्हाई, वाट बघाया गेलं व्हतं ते."

मी ते हिंदीत सांगितले. हिंदीत ते तितके नीट आले नाही.

मग त्यांनी मला विचारले, "म्हंजी लढाई न्हाईच झाली?"

"नाही, वहिनी."

"मला वाटायचं, कुनीतरी गोळी घातली. इतकी वर्सं त्या न पाहिलेल्या मानसाला शिव्या घातल्या मी." त्यांनी पाण्याकडे बोट केले. "कुठं ती जागा?"

"नेमकी सांगता येणार नाही. खोटे सांगणार नाही. ही सगळी उत्तरेची बाजू."

"मंग समद्या बाजूला हात जोडते."

त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मी सावधान उभा राहिलो. खालून बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. आम्ही दोघेही हललो नाही.