आलो, आलोच!

"आलो!" असं ओरडून हमखास न येणारा माझ्या आतोबांसारखा माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सारी नोकरी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत झाली, तिथल्या भोंग्याला एकदा म्हणून उशीर केला नाही. पण चेरीतालच्या घरातून आत्यानं "अहो, पान वाढलंय" म्हणून हाक मारावी, आतोबांनी कोपऱ्यावरून खणखणीत "आलो, आलोच!" म्हणावं आणि इकडे वरण गार होऊन त्यावर पापुद्रा धरावा, हे ठरलेलं. कारण वाटेत कुणाची तरी स्कूटर बंद पडलेली असायची आणि आतोबा तिच्यापुढे उकिडवे बसलेले असायचे. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकांच्या वेळी "आलोच" म्हणून जे गेले, ते हॉलचा जनरेटर दुरुस्त करून, काळ्याकुट्ट हातांनी, थेट माझ्या पाठवणीला उगवले. वर मलाच विचारतात, "काहून गं, निघाली का?"

पुढे गुडघे गेले. आधी उकिडवं बसणं सुटलं, मग जिना, मग भिंत धरल्याशिवाय न्हाणीघर गाठता येईना. उशिराचं खापर आता गुडघ्यांवर फुटायला लागलं. "गुडघे धड होते तेव्हा कोणते वेळेवर येत होते जी?" आत्या म्हणायची. डॉक्टरांनी गुडघा बदलायचं नक्की केलं आणि नेमका कोरोना आला. आत्याला दमा. आतोबांनी ऑपरेशनचं नावच टाकलं. "मी नवा गुडघा घेऊन यीन अन् सोबत हिच्यासाठी ते दुखणं आणीन. नको." कण्हायचे तेही तोंडावर उशी धरून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मला फार वाईट वाटायचं.

लाट ओसरली, ठरवून करायची ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली, तेव्हा आतोबांनी फोनवरून डॉक्टरांची यथासांग उलटतपासणी घेतली. कोरोनाचे पेशंट कोणत्या मजल्यावर? त्यांचा जिना वेगळा का? अन् लिफ्ट? डॉक्टर बिचारे हसत सगळं सांगत गेले. आधी टेस्ट, वेगळा वॉर्ड, नातेवाइकांना आत मनाई, चालायला लागले की घरी, व्यायाम व्हिडिओवर. मग आतोबांनी स्वतःला बाहेरच्या खोलीत कोंडून घेतलं. ताट दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं. पेपर इस्त्री करून वाचायचे, तीही इतकी कडक की मथळे करपायचे! आत्यानं विसरून "अहो" म्हटलं की आतून "आलो!" यायचं आणि लगेच ओशाळलेलं, "नाही, येऊन नाही राहिलो. चलो, सांग तिथूनच."

टेस्ट निगेटिव्ह आली. निघताना आत्या दारात उभी, मास्कच्या वर नुसते डोळे. गाडीत बसता बसता आतोबा म्हणाले, "आलोच." एरवी या शब्दावर हमखास टोमणा मारणारी आत्या नुसता हात हलवत राहिली. मी तिच्या सोबतीला आधीपासूनच येऊन राहिले होते. आम्ही दोघी मध्ये फोन ठेवून बसून राहिलो. पोहे केले होते, ते तसेच पडले.

दुपारी नर्सचा फोन आला. ऑपरेशन छान झालं होतं. "पर दीदी, अंकल आधी नींद में कब से आलू-आलू कर रहे हैं। अभी खाना मना है, आप लोग ही समझाइए न।"

मी चक्रावलेच. आतोबांना बटाटा डोळ्यांपुढे चालत नाही! आत्यानं मात्र माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आलू नहीं माँग रहे, बेटा. आलो. वो बोल रहे हैं कि आ रहे हैं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. हसतही होती.

घरी आल्यावर पुन्हा बाहेरची खोली, पुन्हा मास्क, खिडक्या सताड उघड्या. ते दिवसही निभावले. एका सकाळी आत्यानं ओट्यापाशी उभं राहून हाक मारली, "अहो, चहा!" "आलो!" सवयीनं तिनं कपावर बशी झाकली, तोवर वॉकरची टकटक स्वयंपाकघराच्या दारात हजर. आत्या बघतच राहिली. "इतक्या लवकर काहून आले?" म्हणत तिनं कपावरची बशी काढली.

आता गुडघा झकास चालतो, म्हणजे आतोबा पुन्हा कुणाच्या तरी स्कूटरपाशी असतात आणि वरण पुन्हा गार होतं. मी चिडते. आत्या नाही चिडत. वरणावर झाकण ठेवते, दाराकडे तोंड करून बसते. "येतील ना," म्हणते. "आलो म्हणाले ना."