आमच्या विहिरीच्या पाण्यातला स्लॅब

आधी आवाज झाला नाही, आधी धूळ आली. पिठाचं पोतं फुटावं तशी ती स्वयंपाकघराच्या दारातून एकदम बाहेर पडली, आणि मग आवाज आला. मी गोठ्याच्या दारात उभी होते. माझ्यामागे गोठ्यात माझी सून, ओली बाळंतीण, आणि तिच्या कुशीत नुकती पाचवी झालेली पोर. सासूबाई अंगणात बाजेवर होत्या. आत दाजी होते.

काँक्रीटवर आमच्या दाजींइतका अविश्वास असलेला माणूस नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि काँक्रीटवर त्यांच्याइतका जीव असलेलाही झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. गावचे जावई, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायचं. राहायला ते श्रीरामपूरला, आणि आमचं गाव नेवाशाकडे, प्रवरेपासून जरा आत. तरुणपणी कालव्याच्या कामावर मिस्त्री होते. पुढे स्वतःची माणसं धरून मोऱ्या, टाक्या, ओटे, स्लॅब अशी कामं घ्यायला लागले. उंच, वाळलेला माणूस. लोकांच्या खिशात पानाची चंची असते, ह्यांच्या पायजम्याच्या खिशात लहान हातोडी असायची. तिच्या वजनाने पायजमा एका बाजूला उतरायचा, आणि नाडी आवळायला ते बोलता बोलता मध्येच थांबायचे. नणंदेने त्यांच्या प्रत्येक पायजम्याच्या त्या खिशाला आतून खाकी ठिगळ लावलं होतं. नवीन पायजमा आला की घालण्याआधी ठिगळ.

ही हातोडी कशाला, तर ठोकायला. दाजी कुणाच्या घरी गेले की आधी वर बघायचे, मग माणसांकडे. पाणी देईपर्यंत खांब ठोकून झालेला असायचा. ठोकायचे हलकेच, मग कान लावायचे, आणि निकाल द्यायचे. खणखणीत वाजलं तर काही बोलायचे नाहीत. बद्द वाजलं तर घरमालकाला सगळ्यांच्या देखत सांगायचे. श्रीरामपूरला एका लग्नात मंगलाष्टका चालू असताना हे मांडवाशेजारच्या नव्या इमारतीचा खांब ठोकत होते. मुलीचा बाप कन्यादानाला बसायच्या गडबडीत, त्याला गाठून ह्यांनी सांगितलं की खांब पोकळ बोलतोय. वऱ्हाडातली निम्मी माणसं अक्षता टाकायची सोडून दुसऱ्या बाजूला सरकली. कुणी रागावलं तर दाजींचं उत्तर ठरलेलं होतं. “बाया बाजारात दोन आण्याचं मडकं वाजवून घेत्यात, अन् तुमी ज्याच्याखाली झोपता ते न वाजवता?” पुढच्या लग्नाचं बोलावणं मग येत नसे.

नणंदेचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून हे भिंत ठोकत राहिले. शेवटी नर्सने हातोडी काढून घेतली. ती काय म्हणते ते ऐकून न घेता दाजींनी तिलाच विचारलं की ही इमारत बांधून किती वर्षं झाली. आमच्या वाटेवर ओढ्यावर एक मोरी आहे. तिच्यावर दाजींचा इतका अविश्वास की मोरीच्या अलीकडे एस.टी. थांबवून उतरायचे, मोरी पायी ओलांडायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. कंडक्टरने काही फेऱ्या त्यांच्यासाठी गाडी थांबवली, मग थांबवणं सोडलं. तेव्हापासून ते तिथून पुढे गावापर्यंत उन्हातून चालत यायचे, पण मोरीवरून गाडीत बसून कधी आले नाहीत. ही मोरी यंदाचा पावसाळा काढत नाही, असं ते दर उन्हाळ्यात सांगायचे. मोरी अजून आहे. लग्नातला तो खांबही आहे. खरं सांगायचं तर दाजी बरोबर निघाले त्यापेक्षा चूक जास्त वेळा निघाले, आणि म्हणून त्यांचं कुणी मनावर घेत नसे.

स्वतःच्या कामाला मात्र फार जपायचे. नवा स्लॅब म्हणजे बाळंतीण, असं त्यांचं म्हणणं. ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, कुणी अंगावर पाय द्यायचा नाही, आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही. ओली बारदानं पसरून ते स्लॅबशेजारीच अंथरूण टाकायचे. नणंद म्हणायची, “माझ्या बाळंतपनात रडणाऱ्या पोराला कंदी उठले न्हाईत, स्लॅबला पानी माराया आपसूक जाग येती.” ती हे तक्रारीने म्हणायची नाही. तिला त्या माणसात काही बदलायचं नव्हतं.

पाण्याचा त्यांचा आणखी एक नियम होता. जे पाणी तोंडात धरवत नाही ते सिमेंटात घालायचं नाही. कुठलंही काम सुरू करण्याआधी ते त्या जागचं पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटून घोळवायचे आणि थुंकायचे. मग सांगायचे, हे चालेल, किंवा गाडीने दुसरीकडून आणा. खारं पाणी आतल्या गजांना खातं, गज गंजून फुगतात आणि काँक्रीटला आतून फोडतात, असं ते सांगायचे. मी चौथी शिकलेली बाई, मला सिमेंटातलं कळत नाही, पण हे मला पटायचं, कारण मला डाळ कळते. कालवा आल्यापासून आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. त्यात डाळ शिजायची नाही. आम्ही जावा नदीचं पाणी वेगळ्या कळशीत आणून डाळीला वापरायचो, आणि सासूबाईंना सांगायचो नाही. त्या विहिरीबद्दल सासूबाईंपुढे बोलायची सोय नव्हती. ती सासऱ्यांनी खणली होती, खणताना दगड अंगावर येऊन त्यांचा पाय गेला होता. गावात कुणी त्या पाण्याला नाक मुरडलं तर सासूबाई त्या घराशी बोलणं सोडायच्या.

कालव्याचा ऊस आला, दोन पैसे हातात खेळले, तेव्हा दाजींनी सासरला स्लॅब घालून द्यायचा ठरवलं. बाकी घर माळवदाचं, एक स्वयंपाकघर तेवढं पक्कं करायचं. आळीत पहिलाच स्लॅब, म्हणून बघायला माणसं जमली. खडी आली, वाळू आली, सळया बांधून झाल्या. सासूबाईंनी आपल्या हाताने विहिरीचा तांब्या भरून आणला आणि जावयापुढे धरला. दाजींनी घोट घेतला. डोळे मिटले. तोंडात घोळवला. आम्ही जावा दारामागून बघत होतो. आता ते थुंकणार आणि घरात काय होणार, असं मला झालं. जावयाने सासरच्या अंगणात, माणसांच्या देखत, सासूने दिलेलं पाणी थुंकायचं म्हणजे त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. दाजी तसेच गाल फुगवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी घोट गिळला.

सासूबाईंनी विचारलं, कसं आहे पाणी. दाजी म्हणाले, “ग्वाड हाय, मामी.”

त्या पाण्यात आमचा स्लॅब झाला. त्यानंतर दाजींनी जिल्हाभर ठोकलं, पण आमचा स्लॅब कधी ठोकला नाही. आमच्याकडे आले की हातोडी खिशातून काढून पडवीतल्या खुंटीला पिशवीत टांगायचे. आणि जेवायला, झोपायला नेमके स्वयंपाकघरातच. जावई माणूस चुलीजवळ झोपतो म्हणून बायका हसायच्या. बाहेर पडवीत गार वारा असला तरी हे आत, स्लॅबखाली, वर बघत. पोरं आत खेळायला लागली की त्यांना गोड बोलून बाहेर काढायचे आणि स्वतः त्यांच्या जागी बसायचे. मला त्याचा अर्थ लागत होता. नणंदेलाही लागत असणार. त्या घरात न बोलण्याच्या गोष्टी बऱ्याच होत्या, त्यात ही एक.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. कालवा कोरडा पडला, विहीर आटली, मचूळ का होईना, ते पाणीही गेलं. बैल छावणीत नेले आणि त्यांच्याबरोबर माझे मालक तिकडेच राहिले. मुलगा आणि जावा दुष्काळी कामावर खडी फोडायला. सुनेचं पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर कर्जतकडचं, तिथे प्यायलाच पाणी नव्हतं, तेव्हा इकडेच झालं. बाळंतिणीची बाज स्वयंपाकघरात टाकली, कारण पक्की, बिनफटीची खोली तीच. सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्यांचीही बाज तिथेच. पणतीचं तोंड बघत पडून असायच्या. स्लॅबला तेव्हा तांबूस डाग पडलेले होते, मधूनमधून पोपडे पिठात पडायचे. मी ते चाळून टाकायची.

पाचवी झाल्यावर दाजी पोर बघायला आले. एकटेच, दुपारचे, मोरीपासून चालत. हातात पोरीला झबलं. दारात आले, नेहमीसारखं वर बघितलं, आणि पोरीकडे बघायचे राहिले. बाळंतिणीच्या बाजेच्या बरोबर वर एक चीर गेली होती, गजाच्या रेषेत, सरळ. दाजी परत पडवीत गेले, खुंटीवरची पिशवी काढली आणि हातोडी घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी आमचा स्लॅब पहिल्यांदा ठोकला. कान लावायची गरज पडली नाही. मलासुद्धा कळलं. फुटक्या मडक्यासारखा आवाज.

ते खाली उतरले आणि मला म्हणाले, बाळंतिणीला उचला. गोठा रिकामा होता, मी सारवून घेतलाच होता. सून आणि पोर तिकडे नेली. राहिल्या सासूबाई. त्यांनी बाज सोडायला नकार दिला. जावयानेच घातलेला स्लॅब, त्याला काय धाड भरली, असं त्यांचं म्हणणं. दाजींनी सांगितलं की गज गंजलेत. सासूबाई म्हणाल्या की दुसऱ्यांच्या घरांना नावं ठेवून भागलं नाही म्हणून आता आमच्या घराकडे वळलात. दाजी बाजेजवळ उकिडवे बसले. नाडी आवळली. मग बोलले.

“मामी, त्या दिशी पानी खारं हुतं.”

मला वाटलं आता सासूबाईंचं तोंड सुटणार. त्या म्हणाल्या, “मला काय चव न्हाई व्हय? जल्मभर पितीय मी.”

“व्हय.”

“मंग तवाच का न्हाई बोलला?”

“जावई हाय तुमचा.”

“जावई हाय म्हनून आमची डोकी फोडता व्हय,” असं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. “उचला मला.”

आम्ही दोघांनी बाजेसकट त्यांना अंगणात आणलं. काम एवढ्यावर संपत नव्हतं. स्वयंपाकघर आणि गोठा ह्यांच्यामध्ये एकच दगडमातीची भिंत, आणि स्लॅबचं एक टोक त्या भिंतीवर. स्लॅब अखंड खाली आला असता तर भिंत गोठ्यात लोटली असती. मी म्हटलं, सुनेला शेजारी नेऊ. पण बारा दिवसांची सोयर फिटल्याशिवाय बाळंतिणीला दुसऱ्याच्या उंबऱ्यात कुणी घेत नसे, आणि अंगणात चैत्राचं ऊन होतं. दाजी म्हणाले, वैनी, भिंतीच्या अंगाने टेकू लावले की संध्याकाळपर्यंत धरतंय, मग गडी माणसं आली की उतरवू. विहिरीवर मोटेची लाकडं रिकामी पडली होती, ती त्यांनी ओढत आणली. मला आत येऊ दिलं नाही. गोठ्याच्या दारात उभ्या राहा, पोरीकडे लक्ष ठेवा, म्हणाले.

एकेक लाकूड उभं राहत गेलं. सासूबाई अंगणातून सारख्या बोलत होत्या. जावयाने हमाली करायची नसते, बाहेर या, मी मेले तरी चालेल पण लोक काय म्हणतील. आतून दाजींचा आवाज आला, “मामी, जरा गप बसा. मला ऐकू द्या.” इतक्या वर्षांत सासूला त्यांनी असं पहिल्यांदाच सुनावलं. सासूबाई खरंच गप बसल्या. अंगणात एकदम शांत झालं, आणि मग धूळ आली.

पुढे लोक म्हणाले, दाजींनी आमच्यासाठी जीव दिला. तसं काही नाही. ते टेकू लावायला गेले होते आणि संध्याकाळी चहाला बाहेर येणार होते, तसं मला त्यांनी सांगितलंही होतं. काही म्हणाले, ठोकून ठोकून पाडला. तेही खोटं. गज मी नंतर पाहिले, बोटाएवढे असायचे ते काडीएवढे राहिले होते, आणि हाताने मोडत होते. भिंतीकडचा अर्धा स्लॅब मोटेच्या लाकडांवर तसाच उभा होता. गोठ्यात मातीचा खडासुद्धा पडला नाही. नणंद श्रीरामपूरहून आली, तिने वर बघितलं, मग टेकू बघितले, आणि म्हणाली की शेवटचं लाकूड जरा तिरकं लागलंय, घाई झाली असंल त्यांना. एवढंच म्हणाली. सासूबाई पुढे चार पावसाळे जगल्या. जेवताना त्या मधेच हात थांबवून अंगणाकडे बघायच्या, आणि कुणी काही विचारलं तर पाणी मागायच्या.

दाजी वाचले नाहीत. आम्ही चौघी वाचलो, सून, तिची पोर, सासूबाई आणि मी.