गंज चढवलेला टोप

लढाई हरलेल्या सरदाराच्या डोक्यावर चकचकीत टोप शोभत नाही, म्हणून गिरणीतल्या आमच्या हौशी नाटक मंडळीने तो जुना दिसेलसा रंगवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. टोप रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा, नवाकोरा. अळशीच्या तेलात काव आणि काजळी खलून मी तीन दिवस त्यावर एकेक डाग बसवला.

खेळ खंडेनवमीला दुपारी चारचा. तीनला टोप न्यायला सोलापुरातल्या आमच्या खोलीवर धावत आलो, तर कोनाडा रिकामा! सगळं धुंडाळत मागल्या दारी गेलो. मोरीपाशी आई विटकरीचा तुकडा घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर टोप आरशासारखा लखलखत होता.

"हे काय करून ठेवलंस?" मी किंचाळलोच.

ती माझ्यावर आवाज चढवून म्हणाली, "आज खंडेनवमी. गंजकं हत्यार पूजेला मांडू व्हय?"

मग सोललेली बोटं पदराला पुसत ती पुटपुटली, "लई जुना गंज होता बघ. निघता निघंना."