टाकीपाशी थांबायचं

सकाळी मैदानावर दोन बहिणी पळत होत्या. पाण्याची टाकी जवळ येताच मोठीनं पाय आवरला आणि धाकटी पुढे गेली. जिंकूनही ती रुसली. "ताई, तू मुद्दाम हळू पळालीस. खोटारडी कुठली."

याच मैदानावर मी आणि माझे यजमान रोज फेऱ्या मारत असू. ते इंग्रजीचे शिक्षक, चाल झपझप. पुढे जाईल त्यानं टाकीपाशी थांबायचं, हा नियम त्यांचाच. वर्षानुवर्षं तेच थांबत आले. गेल्या वर्षी मात्र मी पुढे जाऊ लागले आणि त्यांना हसू लागले. "म्हातारे झालात हो."

"याला इंग्रजीत आउटरन म्हणतात," ते धापा टाकत म्हणाले. "धावताना दुसऱ्याला मागे टाकणं. मुळात अर्थ एवढाच होता, बाहेर धावत जाणं. मागे टाकणं नंतर आलं."

ते गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आजार त्यांना तेव्हाच कळला होता. बायकोला सांगू नका, असं यजमानांनी त्यांना बजावलं होतं. त्यात माया असेलही. पण माहीत असतं, तर मी त्यांच्या बरोबरीनं चालले असते. त्यांनी मला नुसतं जिंकू दिलं.

"बरं, पुन्हा पळू. आता खरं खरं," मोठी म्हणाली. दोघी पळत लांब गेल्या. पुढे गेलेला माणूस थांबला नव्हता. मागे राहिलेली मी मात्र टाकीपाशी उभी होते.