इस्माईलचाचांचा निळा

इस्माईलचाचा रंग छापलेला कापडाचा तुकडा घेऊन दाराकडे निघाले की मशीनवरचे ऑपरेटर हात थांबवायचे. नगरच्या एमआयडीसीतला आमचा चादरी छापायचा कारखाना छोटा. आत ट्यूबलाइट भरपूर, पण चाचांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. बाहेर कडुनिंबाखाली उन्हाकडे पाठ करून ते उभे राहायचे, एका हातात गिऱ्हाइकाचा नमुना, दुसऱ्यात आमचा तुकडा. एकदा पाहायचे, डोळे मिटायचे, पुन्हा पाहायचे. ते ‘चालव’ म्हणाले की रंगाचा ड्रम भरायचा. मालकसुद्धा मध्ये बोलत नसत.

मी कर्जतहून केमिस्ट्रीची पदवी घेऊन तिथे लागले आणि पहिल्याच दिवशी ओल्या तुकड्यावरून रंग जमल्याचं जाहीर केलं. चाचांनी तो नुसता पंख्याखाली वाळवला, माझ्याच पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून त्यावर घासलं आणि लाल झालेला रुमाल मला परत दिला. “पोरी, डाय सुतात मुरतो. पिगमेंट मुरत न्हाई, वर बसून ऱ्हातं. बाइंडरनं धरलं आन् भट्टीत तापलं, तरच टिकतं. ओल्या रंगावर कदी बोलायचं न्हाई.” मी जन्माची भित्री, तेव्हापासून वाळलेल्या रंगावरही बोलायला कचरायला लागले.

एकदा एक विक्रेता झगझगीत पिवळ्याचा डबा घेऊन आला. चाचांनी त्यात काय आहे ते विचारलं आणि शिसं निघाल्यावर झाकण लावून डबा परत सरकवला. “हा ट्रॅक्टरला लावा, गेटच्या पट्ट्यांना लावा. लेकरू चादरीचं टोक तोंडात घालतं,” एवढंच म्हणाले. काळ्यासाठी काजळी, विटकरीसाठी लोखंडाचा गंज, पांढऱ्यासाठी टायटॅनियम. कोणती भुकटी कुठे शोभते आणि कुठे घात करते, हे त्यांना तोंडपाठ होतं. मला तसा एखादा माणूस आयुष्यात पुन्हा भेटला नाही.

म्हणूनच, एका सकाळी त्यांनी पास केलेला जांभळा मला स्पष्ट निळसर दिसला तेव्हा मी आधी माझेच डोळे चोळले. आठवड्याभरात दुसरा तुकडा तसाच, मग तिसरा. त्यांच्या बाहुलीत पिवळसर सायीसारखं काहीतरी दिसत होतं. निळ्यातला बारीक फरक त्यांना कळेनासा झाला होता, आणि कमी पडायला नको म्हणून निळ्याचा हात सैल सुटत होता. त्याच सुमारास मालकांनी रंग जुळवायच्या मशीनची चौकशी सुरू केली होती. चाचांची ही गोष्ट बाहेर पडली असती तर त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. चाचा रंगांच्या मापाची चिठ्ठी लिहून द्यायचे, आणि वजन करताना मी निळा त्याहून थोडा कमी घ्यायला लागले. सहा महिने ते निभलं, पण त्या सहा महिन्यांत मला सकाळची भाकरी गोड लागली नाही. माझा अंदाज चुकला तर ठपका त्यांच्यावर येणार होता.

आणि तो चुकलाच. एका मोठ्या ऑर्डरच्या चादरी भट्टीतून बाहेर आल्या त्या जांभळ्या नव्हत्या, वांग्याच्या सालीसारख्या लालसर होत्या. ड्रममधून पुन्हा एक तुकडा छापून बघायचा, ही चाचांचीच शिस्त. त्या दिवशी मी तो छापला नाही आणि नेहमी मागणाऱ्या चाचांनी मागितला नाही. मालक धावत आले. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, “शेड माझी हाय.”

मालक गेल्यावर त्यांनी मला कडुनिंबाखाली बोलावलं.

“किती कमी घेतला तू निळा?”

मी आकडा सांगितला.

“या खेपेला तेवढाच मीबी कमी केला हुता. तुकडा पास केल्यावर, चिठ्ठी लिवताना. मला बी कळलं हुतं, डोळा दगा देतोय. तू बघशील म्हणून ड्रमचा तुकडा मागितला न्हाई.”

“मी पण, चाचा. तुम्ही बघाल म्हणून छापलाच नाही.”

“दोगांनी एकच चूक दुरुस्त केली,” ते म्हणाले, आणि मला रडू आवरेना. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी त्यांनी स्वतः जाऊन मालकांना डोळ्याचं सांगितलं. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याने काळा चष्मा लावून आले, स्वतः जुळवलेल्या रंगाचा तुकडा घेऊन झाडाखाली गेले, चष्मा काढून कितीतरी वेळ बघत राहिले. मग जन्मात कोणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी मला विचारलं, कसा वाटतो म्हणून. मी सवयीने ‘ठीक आहे’ म्हणाले.

“खरं सांग.”

“निळा जास्त आहे.”

“जास्तच हाय,” ते म्हणाले. “डोळा सुधारला, हात न्हाई. आता दारात तू जायचं. आन् जवळ उभं असंल त्याला इचारायचं. एकट्यानं बघू नको.” त्या दिवशी ते घरी गेले ते पुन्हा कामावर आले नाहीत. वांगी रंगाची एक चादर तेवढी मागून नेली. चार वर्षांनी त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी भिंगारला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर होती, इतक्या धुण्यांनंतरही रंग तसाच.

आता पन्नाशी जवळ आली आहे. मशीन आलं, तरी शेवटचा शब्द दारात माझाच असतो. चाचांनी सांगितलं होतं तसं प्रत्येक तुकड्याला मी शेजारच्या पोरींना विचारते, निळा जास्त वाटतो का. त्या माझ्याकडे बघतात, एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, “ठीक आहे, मॅडम.” तेव्हा मी म्हणते, “खरं सांगा.”