रांगेत हाय

चाचांना काहीही विचारलं की ते आधी डावा हात वर करत. तळवा आपल्याकडे, नजर पडद्याकडे. मग उजव्या हाताच्या एका बोटाने कीबोर्डवर सावकाश काहीतरी टाईप करत, उमटलेल्या ओळी ओठ हलवत वाचत आणि हात खाली घेऊन सांगत, "रांगेत हाय."

रिपोर्टबद्दल विचारा, हेच उत्तर. घराच्या गळक्या पत्र्याबद्दल विचारा, तरी हेच. धाकट्या मुलीचं लग्न? रांगेत हाय. स्कूटरचा फुटलेला आरसा? तोही रांगेत हाय. फरक एवढाच की पत्र्याचं सांगताना ते पडद्याकडे बघत नसत.

या माणसाने एकदा स्वतःचाच रिपोर्ट रांगेत अडकवून ठेवला होता. तेच सांगायचं आहे, पण त्याआधी त्यांची रांग तुम्हाला दाखवायला हवी.

आमची लॅब कर्जतला. रक्त-लघवी तपासायची, सोनोग्राफी करायची आणि कागद हातात द्यायचा, एवढंच आमचं काम. मी खालापूरची. एसटीने येते, सुई टोचते आणि उरलेला वेळ काउंटरवर बसते. खालापूर, कळंब आणि कशेळे इथे मेडिकलच्या दुकानांत आमची छोटी केंद्रं आहेत. तिथले नमुने मोटारसायकलवरून कर्जतला येतात आणि रिपोर्ट झाला की तो इथून त्या त्या गावच्या प्रिंटरवर पाठवला जातो. हे सगळे प्रिंटर चाचांच्या हुकमतीत. मुंबईला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात त्यांनी उभं आयुष्य युनिक्सच्या, म्हणजे नुसत्या टाईप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या, मशीनवर काढलेलं, आणि रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून गावी परतलेले. कोपऱ्यातला आमचा कॉम्प्युटर खरं तर युनिक्सवर नाही, त्याच्यासारख्याच लिनक्सवर चालतो, असं मी नवीन असताना बोलून गेले. "तेच ते," चाचा म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माउसला ते हात लावत नसत. तो टेबलाच्या खणात, शेपटी गुंडाळून पडलेला असे. चाचा एलपीस्टॅट मारत. म्हणजे ही एक आज्ञा टाईप करायची, की कुठला प्रिंटर चालू, कुठला बंद, रांगेत कुणाचे कागद थांबलेत ते ओळीने दिसतं. माझ्यासारखीला हे दिवसातून एकदा बघणं पुरे. चाचा चहाचा घोट घेण्याआधी एकदा बघत आणि घेतल्यावर एकदा.

प्रिंटरना त्यांनी गावांचीच नावं दिली होती. त्यामुळे दिवसभर काचेच्या खिडकीतून बाहेरच्या बाकापर्यंत अशा बातम्या जात: खालापूर रिकामं हाय. कळंबच्या घशात कागद अडकला. एकदा ते जोरात म्हणाले, "कशेळं बंद पडलं की!" तसा बाकावरचा एक माणूस ताडकन उठला. "का वो, काय झालं? मारामारी?"

"कागद संपला," चाचा म्हणाले.

माणूस खाली बसला. पण तरी त्याने घरी फोन लावून खात्री करून घेतलीच.

कळंबचा दुकानदार प्रिंटरचा प्लग काढून तिथे आपला मोबाईल चार्जिंगला लावी, आणि रिपोर्ट येईना म्हणून वर तोच चाचांना फोन करी. चाचा त्याला कधी रागावले नाहीत. नुसतं विचारत, "चार्जिंग किती झालं?" तो आकडा सांगे. "पूर्ण होऊ दे. मग लाव." तोवर कळंबचे लोक तिष्ठत. आम्ही सगळे यावर चिडायचो. चाचा म्हणत, "एकदा पाठवलं ना? मग रांगेत हाय. परत परत बटण दाबलं का परत परत कागद निघतो, माणूस तेवढाच राहतो."

आता त्यांच्या रांगेतली मेख. प्रत्येक कागदाला एक ते शंभरमधला एक आकडा देता येतो. ज्याचा आकडा मोठा तो आधी छापला जातो. दुसरीकडे हा आकडा पैशावर नाहीतर ओळखीवर ठरला असता. चाचांनी तो गाडीवर ठरवला. खिडकीशी कुणी आलं की ते नावाच्याही आधी विचारत, "गाडी कितीची?"

कशेळ्याहून वर वाड्यांकडे जाणारी शेवटची जीप चुकली तर पोटुशी बाई रानातून चालत घरी जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे वाडीवरच्या माणसाला शंभर. मुरबाड रस्त्याकडच्यांना त्याखालोखाल. कर्जत बाजारातल्यांना अगदी तळाचे आकडे. आमच्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते उठून काउंटरवर आले. मग म्हणाले, "अर्जंट केस असेल तर?" चाचा म्हणाले, "त्याला ॲम्ब्युलन्स असती. ती बी गाडीच."

एका रविवारी कळंबकडचे एक रिसॉर्टवाले आले. बाहेर मोठी गाडी, एसी चालू ठेवलेला. त्यांना रिपोर्ट लगेच हवा होता आणि बाकावर वाडीवरच्या बायका बसलेल्या. "मला घाई आहे हो," ते म्हणाले.

"गाडी कितीची?"

"माझी स्वतःची गाडी आहे!"

"मग बसा," चाचा म्हणाले. "तुमची गाडी तुमच्याबिगर सुटणार नाय."

ते बसले. एक म्हातारी त्यांना जागा करून देताना बाजूला सरकली, एवढंच.

आणखी एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. रांग फक्त इतकंच सांगते: कुणी पाठवलं, कधी पाठवलं आणि कागद किती मोठा आहे. आत काय लिहिलंय ते सांगत नाही. चाचा त्या मोठेपणावरून आतलं ओळखत. "बारीक फाईल म्हंजे बरा माणूस. सगळं ठीक असलं तर डॉक्टर कशाला लिहीत बसतील?" फाईल जाडी असली की ते ओठ चावत आणि त्या माणसाला बोलावताना आवाज खाली आणत. मी त्यांना पुष्कळ चिडवलं. पण अंदाज बऱ्याचदा खरा निघे, हे मला कबूल करायला हवं, आणि त्यानेच ते बिघडले होते.

मग त्यांच्या मानेला गाठ आली. जबड्याच्या खाली, सुपारीएवढी. चाचा त्यावर रुमाल बांधून येऊ लागले. ताप यायचा, शर्ट ढगळ झाला. डॉक्टरांनी एके दिवशी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि गाठीत सुई घालून पाणी काढलं. ही तपासणी आमच्याकडे होत नाही, मुंबईच्या एका मोठ्या लॅबकडे जाते. तिथून रिपोर्ट कॉम्प्युटरवर येतो, चाचा तो नंबर बघून रांगेत लावतात आणि छापला की डॉक्टर वाचतात. आमचे डॉक्टर पडद्यावर काही वाचत नाहीत. कागद हातात आल्याशिवाय त्यांना आजार दिसत नाही.

"चाचा, आला का तुमचा?" डॉक्टर विचारत.

डावा हात वर. "रांगेत हाय."

डॉक्टरांना वाटे, मुंबईच्या रांगेत. चाचा खोटं बोलत नव्हते.

मला रोज रांगेच्या तळाशी एक कागद दिसायचा. सगळे छापून जात, तो तिथेच. "चाचा, हे काय अडकलंय?" मी विचारलं. "राहू दे गं," ते म्हणाले, "त्याला घाई नाय." मला वाटलं कळंबचं काहीतरी असेल. आठवडे गेले. चाचांचा डबा तसाच परत जाऊ लागला.

एके सकाळी चाची आल्या. चाचांची बायको. बाजारामागच्या गल्लीत घर, पण लॅबमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. काळा बुरखा, हातात रिकामी पिशवी. चाचा तेव्हा मागे चहा घ्यायला गेले होते. चाची सरळ माझ्यापाशी आल्या.

"गं पोरी, ह्यांचा रिपोर्ट रांगेत हाय म्हणं. किती हायत रांगेत?"

मी चाचांच्या खुर्चीत बसले, एलपीस्टॅट मारलं. सकाळची वेळ, सगळे प्रिंटर मोकळे. पडद्यावर एकच ओळ उमटली.

"एकच आहे, चाची."

"त्याच्या म्होरं कोण हाय?"

"कुणी नाही."

चाचींनी मान हलवली. मग बाकावर, वाडीवरून आलेल्या बायकांच्या मध्ये जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी त्या ओळीकडे पुन्हा बघितलं. कागद बंद प्रिंटरमुळे थांबलेला नव्हता. कुणीतरी आज्ञा देऊन थोपवून धरला होता. फाईल चांगली जाडी होती. तेव्हा मला कळलं, रोज तळाशी दिसणारा तो कागद चाचांचाच होता, आणि धरून ठेवणारेही तेच.

चाचा चहा घेऊन आले. बाकावर माणूस दिसला की तोंडातून निघायचं ते निघालं. "गाडी कितीची?" मग त्यांनी नीट पाहिलं.

"माझी गाडी तुमी," चाची म्हणाल्या. "ती सुटली तर मला दुसरी हाय का?"

बाकावरच्या बायका खाली बघू लागल्या. चाचांनी डावा हात वर केला. सवयीने. चाचींनी उठून काचेच्या खिडकीतून आत हात घातला आणि तो हात धरून खाली आणला. "रांगेत हाय म्हणू नका," त्या म्हणाल्या. "मी विचारलं. तुमच्या म्होरं कुणी नाय."

चाचा खुर्चीत बसले. कागद सोडायची आज्ञा चार शब्दांची असेल. त्यांनी ती दोनदा चुकवली. आयुष्यभर एका बोटाने टाईप करणारा माणूस, त्याला बोट सापडेना. मी करते म्हणाले, तर नाही म्हणाले. शेवटी कर्जतच्या प्रिंटरने घरघर केली आणि कागद बाहेर आला. चाचांनी तो उचलला नाही. चाचींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मीच तो डॉक्टरांकडे नेला, दोघं माझ्यामागे.

डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. "चाचा, टीबी आहे. गाठीचा टीबी. गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. बरा होतो हा." मग तारीख पाहिली आणि चष्मा काढला. "हा इतके दिवस कुठे होता?"

चाचींनी चाचांकडे बघितलं.

"पण फाईल मोठी व्हती," चाचा म्हणाले.

डॉक्टरांना काही समजलं नाही. मी कागद बघितला. मुंबईच्या लॅबने कागदाच्या माथ्यावर आपलं नवं चिन्ह छापायला घेतलं होतं. रंगीत, भलंमोठं, सूक्ष्मदर्शक आणि त्याच्याभोवती पानांची वेल. खाली मजकूर चार ओळींचा. फाईल फुगली होती ती त्या वेलीने.

चाचा त्या चित्राकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. चाचींनीही वाकून बघितलं. "ह्या पानांसाठी तुमी जेवत नव्हते?" त्यांनी विचारलं. चाचा उठून मागे मोरीवर गेले, तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिले. मी नळाचा आवाज ऐकत काउंटरवर बसले होते आणि मला रडू येत होतं. त्याच वेळी हसूही येत होतं, आणि समोर एक बाई दंड पुढे करून सुईची वाट बघत होती.

गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या. शर्ट पुन्हा अंगाला बसू लागला. पत्रा बदलला, मुलीचं लग्न झालं. फाईल जाडी की बारीक यावर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. मी मुद्दाम विचारायचे, "चाचा, बघा तरी किती मोठी आहे." ते म्हणायचे, "चित्र असंल."

गेले ते वेगळ्याच कारणाने, कितीतरी नंतर. घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. चाचा गेले तेव्हा डॉक्टरांनी लॅब बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत बसून एलपीस्टॅट मारलं. रांग रिकामी असली की हे मशीन "रिकामी आहे" असं म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नुसतं पुढच्या ओळीवर जाऊन थांबतं. चाचांनी मला ते शिकवलं होतं, पण त्या सकाळी मी दोन-तीनदा तेच टाईप करून बघितलं.

आता मोबाईलवरही रिपोर्ट जातात. वाडीवरच्या लोकांना मात्र अजून कागद लागतो, आणि रांग आता मी बघते. माउस खणातच आहे.

परवा चाची साखर तपासायला आल्या. आणखी वाकल्या आहेत. रक्त देऊन त्या बाकावर जाऊन बसल्या, नेमक्या वाडीवरच्या बायकांच्या मध्ये. रिपोर्ट तयार झाले, मी आकडे घालायला बसले आणि खिडकीतून बाहेर न बघताच माझ्या तोंडून गेलं, "गाडी कितीची?" वर पाहिलं तर समोर चाची. माझा डावा हात वर होता.

"माझी गाडी तर गेली गं," त्या म्हणाल्या. "मला कसली घाई. ह्या लांबच्या हायत, ह्यांचं आधी काढ."

बरोबरच होतं त्यांचं. नियम तोच होता. मी चाचींच्या कागदाला शंभर घातले आणि एंटर दाबलं.

चाचा असते तर दोन दिवस माझ्याशी बोलले नसते.